कापसाच्या खोलीतलं चिमणाळं

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लागेपर्यंत बसून बसून मी तिथली सगळी मासिकं वाचून काढली होती. त्यातल्या एका इंग्रजी मासिकाला वरचं पानच नव्हतं. आधी येऊन गेलेल्या कुठल्यातरी बाळाने ते खाल्लं असावं. आत एका खोलीचे फोटो होते, बाळाच्या खोलीचे. पडद्यावर जहाजं, गादीवर जहाजं, भिंतीवर जहाजं, दिव्यालासुद्धा जहाजाचं शीड. खाली लिहिलं होतं की बाळाची खोली सजवताना एकच थीम धरावी. माझं नाव पुकारलं तरी मला उठवेना.

स्कूटरवर घरी येताना मी हे सगळं नवऱ्याच्या कानात ओरडून सांगितलं.

"थीम तं आपल्या घरीही आहे ना," तो म्हणाला. "कापड!"

खोटं नव्हतं. पुढे सासऱ्यांचं कापडाचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, आणि दुकानात न मावलेले तागे, म्हणजे थानं, आमच्या पलंगाखाली.

"बाळाले एका थानावरच निजवू," तो पुढे म्हणाला. "फक्त रेटची चिठ्ठी लावू नको. गिऱ्हाईक उचलून नेईन."

मी दोन चौक अबोला धरला. पण विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी अल्लीपूरला आले. होळी होऊन गेली होती. निघताना सासूबाईंनी एक मोठं गाठोडं बांधून दिलं. दुकानात कापताना उरलेले सुती तुकडे त्या वर्षभर साठवत. "दुपटी शीव, टोपडी शीव. रिकामी बसशील तं कंटाळशील," त्या म्हणाल्या. एसटीत मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. मांडीही फारशी उरली नव्हती, त्यामुळे ते जवळजवळ माझ्या हनुवटीपाशी होतं.

माहेरी आम्ही शेतकरी. बाबांचं विहिरीखालचं वावर भाजीपाल्याचं आणि कोरडवाहूत कापूस. घरात आई, बाबा आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. फार लहान वयात ती परत माहेरी आली आणि तेव्हापासून घराचा कारभार तिच्याकडे. आई-बाबा तिला बाई म्हणत. बाईला विचारल्याशिवाय आमच्या घरात लोणच्याची बरणीसुद्धा उघडत नसे.

माझ्यासाठी आईने कापसाची खोली काढली होती. हिवाळ्यात या खोलीत वेचून आणलेला कापूस आढ्यापर्यंत भरलेला असे. आता कापूस विकून झाला होता. उरले होते खडबडीत भिंतींना चिकटलेले पुंजके आणि कोपऱ्यात एक छोटासा ढीग. जाड भिंती, एकच खिडकी, भर उन्हाळ्यातही खोली थंड. आईने स्वतः चुना कालवून ती रंगवली. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून चिमूटभर नीळ टाकतात. आईच्या हातून ती चिमूट ओंजळीएवढी झाली. खोली निळी झाली. साधीसुधी नाही, चांगली गडद निळी.

आत्या दारात येऊन उभी राहिली.

"अव माय! खोली आहे का रॉकेलचा डबा?"

रेशनच्या रॉकेलचा रंग अगदी तसाच असायचा. आईचं तोंड उतरलं. "नीळ जराशी जास्त पडली," ती पुटपुटली.

मला आईचं वाईट वाटलं आणि त्याच क्षणी ते मासिकही आठवलं. "राहू दे ना," मी म्हणाले. "आभाळ आहे हे. यात आपण पाखरं करू. भिंतीवर पाखरं, पडद्यावर पाखरं, दुपट्यावर पाखरं. एकच थीम धरायची."

"काय धरायचं?" आईने विचारलं.

मी थीम समजावून सांगितली. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे चिमणाळं करायचं म्हण ना. एवढं इंग्रजी काऊन बोलून राह्यली?"

चिमणाळं आमच्याकडे घरोघरी असे. पाळण्यावर टांगायचं एक कडं आणि त्याला दोऱ्यांनी लोंबणाऱ्या कापडाच्या चिमण्या. मीही तशाच चिमण्यांकडे बघत हातपाय झाडले असणार. पण मला नुसतं चिमणाळं नको होतं. मला पोपट, मैना, बगळा, सुतारपक्षी, सगळे पाहिजे होते आणि सगळ्या खोलीभर पाहिजे होते.

"मुळीच नाई," आत्या म्हणाली. "लेकरू पोटात असताना त्याची सजावट करू नये. पाळणा बांधू नये. कोणी सांगतलं तुले हे?"

दोन दिवस मी मुकाट्याने साधी टोपडी शिवली. तिसऱ्या दिवशी आत्याच माझ्याजवळ येऊन बसली. गाठोड्यातला एक पोपटी तुकडा उचलून तिने उजेडात धरला.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पाखरं शिवायले मनाई नाई. लटकवायले मनाई आहे. शिवायची अन् झाकून ठेवायची."

हा नियम तिने कुठून काढला हे मी विचारलं नाही. तिने कोंबड्या झाकायचं वेताचं जुनं डालगं धुऊन, उन्हात वाळवून आणलं. शिवून झालेलं पाखरू त्यात टाकायचं, लेकरू झाल्यावर बाहेर काढायचं.

अशी आमची दुपारची बैठक सुरू झाली. आई वर्तमानपत्रावर आकार काढून कापायची, मी शिवायची आणि आत्या कोपऱ्यातल्या ढिगातला कापूस घेऊन त्यातली सरकी काढायची, बोटांनी पिंजायची. तिच्या हातातून तो इतका हलका होऊन यायचा की श्वास सोडला तरी उडे. पाखरांची पोटं त्यानेच भरायची. डोळ्यांसाठी मी लाल-काळ्या गुंजा लावणार होते. दिसायला किती सुंदर! आत्याने माझ्या हातातून वाटीच काढून घेतली.

"गुंज विषारी असते. लेकरानं तोंडात घातली तं? डोळे दोऱ्यानं भर."

मग मणी नाही, टिकली नाही, बटण नाही. सगळे डोळे काळ्या दोऱ्याचे. त्यामुळे काही पाखरं झोपाळू दिसायला लागली आणि एक बगळा तर सरळसरळ चकणा झाला.

बाबांना यातलं पहिले काही दिवस काही माहीत नव्हतं. त्या दिवसांत त्यांची पोपटांशी लढाई चालली होती. विहिरीजवळ त्यांनी सूर्यफूल लावलं होतं आणि दाणे भरायला लागल्यापासून पोपटांचे थवे त्यावर उतरत. बाबा सकाळपासून वावरातल्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत, डबा वाजवत, ओरडत. घरी येत तेव्हा घसा बसलेला असे. एका दुपारी ते जेवायला आले आणि त्यांना दिसलं की त्यांची बायको, बहीण आणि लेक तिघी जणी गोल बसून पोपट शिवून राहिल्या आहेत.

"वा!" बाबा बसलेल्या घशाने म्हणाले. "म्या वावरातून हाकलायचे अन् तुमी घरात बसवायचे."

पण जेवण झाल्यावर ते वावरात गेले नाहीत. माझा पोपट हातात घेऊन त्यांनी उलटापालटा केला.

"शेपटी आखूड झाली," ते म्हणाले. "अन् मान अशी नसते. पोपट मान तिरपी करते, चोर असते न तो."

"मग तुमीच करा," आई म्हणाली.

आणि बाबांनी खरंच केला. त्यांना सुईत दोरा ओवता येत होता, पोती शिवायची सवय होती. टाकेही त्यांनी पोत्याला घालतात तसेच घातले, लांबलांब. त्यांचा पहिला पोपट कोंबडीएवढा जाडा झाला. आत्या हसून हसून भिंतीला टेकली. बाबांना त्याचा राग आला आणि त्यांनी लगेच दुसरा घेतला. मग त्यांना नादच लागला. सकाळी पोपट हाकलायचे आणि दुपारी पोपट शिवायचे. कोणी भेटायला आलं की मात्र त्यांना लाज वाटे. एकदा शेजारचे काका बियाण्याचं विचारायला अचानक आत आले. बाबांनी हातातला पोपट घाईने मांडीखाली सरकवला, सुईसकट. काका बोलत राहिले आणि बाबा एका अंगावर कलून "हो, हो" करत राहिले. काका गेल्यावर ते जे उठले, ते दोन दिवस सरळ बसले नाहीत.

डालगं भरत चाललं होतं. तेव्हा एके दिवशी आत्याने तिचं स्वतःचं पाखरू बाहेर काढलं. कोणाला न दाखवता तिने ते शिवलं होतं. काळ्या छत्रीच्या कापडाचा, राखाडी मानेचा, ऐटबाज कावळा.

आई घाबरलीच. "बाई, लेकराच्या खोलीत कावळा? लोक काय म्हणतीन?"

"उद्या घास कसा भरवशील त्याले?" आत्याने विचारलं. "एक घास चिऊचा म्हणशील. मंग दुसरा?"

कावळा डालग्यात गेला.

मे महिन्यात, अजून बरेच दिवस बाकी असताना, सकाळी भाजी निवडता निवडता माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. बाबांनी शेजाऱ्यांची जीप आणली आणि आई मला घेऊन वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आली. संध्याकाळपर्यंत मुलगी झाली. माझ्या तळहाताच्या दीडपट असेल. तिला माझ्याजवळ न देता काचेच्या पेटीत ठेवलं. बघायचं ते काचेतून, दिवसातून दोनदा. नवरा दुकान बंद करून तिथेच बसून राहायचा. बाहेर वर्ध्याचा उन्हाळा भाजून काढत होता आणि आम्ही दोघं त्या काचेला नाक लावून उभे असायचो.

बाबा एक दिवसाआड डबा घेऊन येत. आत्या मात्र आली नाही. मी विचारलं की बाबा म्हणत, घरी कोणी पाहिजे ना. शेवटी मी खोदून खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई बोलत नाई कोणाशी. डालग्यावर गोणपाट टाकून देलं तिनं. म्हणते, म्याच नाई म्हणलं होतं अन् म्याच टाके घातले."

मला रडू आलं. इतके दिवस मी धीर धरून होते, पण हे ऐकून सुटलाच. "तिले घेऊन या," मी बाबांना म्हणाले. "उद्याच आणा."

दुसऱ्या दिवशी आत्या आली. डोक्यावरून पदर घेऊन, देवळात उभी राहावी तशी ती काचेपाशी उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले.

"आत्या, पाखरांनी काई झालं नाई."

"तुले कसं माहीत?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"अन् पाखरांनीच झालं, हे तुले कसं माहीत?"

आत्याने यावर विचार केला. ती कुठल्याही गोष्टीवर असाच विचार करायची, जणू बाजारात वांगी पारखते आहे. तेवढ्यात आतली सिस्टर बाहेर आली आणि जाता जाता म्हणाली, "आजी, वजन वाढून राह्यलं पोरीचं. दूध चांगलं ओढते."

"ओढंन नाई तं काय," आत्या म्हणाली. मग बराच वेळ काचेतून बघून तिने निकाल दिला, "नाक आपल्या घरचं आहे."

नवरा कितीतरी दिवसांनी हसला.

तीन आठवड्यांनी मुलीला माझ्या हातात दिलं आणि आम्ही अल्लीपूरला आलो. बाबांनी सायकलचं जुनं रिंग घासूनपुसून, त्यावर पांढरं कापड गुंडाळून ठेवलं होतं. टांगल्यावर ते तुटून लेकराच्या अंगावर पडलं तर, ही आत्याची भीती. म्हणून बाबांनी आढ्याला दोर बांधून त्या रिंगाला आधी एक दणदणीत कोहळा लटकवला होता. दोन दिवस कोहळा तिथे झुलत होता. दोराला काही झालं नाही, तेव्हा तो उतरवून त्याची भाजी केली.

डालग्यावर गोणपाट तसंच होतं. आई-बाबा एकमेकांकडे बघायला लागले. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "आत्या, पहिलं तू बांध."

"म्या?"

"मंग कोण?"

आत्याने गोणपाट काढलं. आत हात घालून तिने सगळी पाखरं बाजूला सारली आणि तळातून कावळा काढला. स्टुलावर चढून तिने तो रिंगाला पक्की गाठ मारून बांधला, आणि उतरून त्याला बोटाने एक टिचकी दिली. कावळा गिरकी घेऊन थांबला. मग बाकीची पाखरं बांधायला वेळ लागला नाही. बाबांचा कोंबडीएवढा पोपट एका बाजूला बांधल्यावर सगळं रिंगच तिकडे कललं. तोल साधायला दुसऱ्या बाजूला दोन बगळे लागले. उरलेली पाखरं पडद्यावर टाचली, काही आईने खळ लावून भिंतीवर चिकटवली. बाळंतिणीची खोली शेणाने सारवलेली, निखाऱ्यांवर ओव्याची धुरी, आणि वर हे गडद निळं आभाळ. त्या मासिकात असं काही नव्हतं.

बारसं उशिरा केलं. गावातल्या बाया आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि तिथेच थांबल्या. "हे कुठून आणलं? नागपुरावरून का?" आत्या कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होती, "थीम आहे ते. एकच धरायची असते."

त्यानंतर तिच्याकडे लोक यायला लागले. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या लेकीचं. आत्या आधी विचारायची, थीम कोणती? लोकांना कळायचं नाही, मग तीच सुचवायची. एकीचा जावई एसटीवर ड्रायव्हर होता, तिला आत्याने लाल एसट्यांचं चिमणाळं करून दिलं, खिडक्या पांढऱ्या दोऱ्याने भरून. दुसरीला सगळी भाजी पाहिजे होती. तिच्या नातवाच्या डोक्यावर पुढे वर्षभर जांभळी वांगी आणि हिरव्या मिरच्या फिरत होत्या. कापूस ज्याचा त्याने आणायचा, चिंध्याही ज्याच्या त्याने. बदल्यात कोणी पायलीभर तूर आणून दिली तर आत्या ठेवून घ्यायची, नाही दिली तर विसरून जायची.

पाऊसपाणी स्थिरावल्यावर नवरा आम्हाला न्यायला आला. रिंग सोडून वेगळं घेतलं, आणि पाखरं पुन्हा डालग्यात घालून वरून फडकं बांधलं. एसटीत कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता डालग्याकडे पेनाने बोट केलं.

"कोंबड्याचं तिकीट लागन."

"कोंबड्या नाई," नवरा म्हणाला. "पोपट आहेत."

"पोपटाचंही लागन."

मग फडकं सोडून दाखवावं लागलं. कंडक्टरने चकणा बगळा उचलून बघितला, मागच्या सीटवरच्या बाईने मैना मागितली, आणि बघता बघता पाखरं अख्ख्या गाडीभर फिरून आली. वर्धा येईपर्यंत सगळी परत जमली. कावळ्याला मात्र मी कोणाच्या हातात दिलं नव्हतं.

वर्ध्याच्या घरी नवऱ्याने पलंगाखालची थानं दुकानात हलवली, पाळण्यावर रिंग टांगलं आणि आम्ही सगळे गोल उभे राहिलो. सासूबाई एकेका पाखराचं कापड ओळखून सांगत होत्या, हे कोणाच्या झंपराचं, हे कोणाच्या अस्तराचं. मुलगी पाळण्यात उताणी पडून एकटक वर बघत होती. मग ती पहिल्यांदा मोठ्याने, आवाज काढून हसली.

"पाह्य, पाह्य, पोपटाले हसली!" सासरे म्हणाले.

नवरा खाली वाकला. तिच्या डोक्याशी डोकं लावून त्याने तिची नजर कुठे जाते ते बघितलं.

"पोपट नाई," तो म्हणाला. "पंखा."

अल्लीपूरच्या त्या खोलीत पंखा नव्हता. इथे छताला एक जुना, करकरणारा, कडेला गंज चढलेला पंखा फिरत होता आणि आमची लेक पाखरांच्या मधल्या फटीतून त्याच्याकडे बघून खिदळत होती. आम्ही कावळा हलवला, पोपट नाचवला, टाळ्या वाजवल्या. पंखा बंद केला की ती भोकाड पसरायची, सुरू केला की हसायची.

रविवारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावात शेजारच्या काकांकडे फोन लावला आणि आत्याला बोलवायला सांगितलं. ती धावत आली असणार, कारण तिला दम लागला होता. मी पंख्याचं सगळं सांगितलं.

"पाती किती आहेत त्याले?" आत्याने विचारलं.

"तीन. काऊन?"

"रंग?"

"तपकिरी. आत्या, तू काय करून राह्यली?"

"काई नाई. घरी एक बाई येऊन बसली आहे, तिच्या सुनेले सातवा लागला, चिमणाळं पाहिजे तिले," ती म्हणाली. "ठेवते आता, वाट पाहून राह्यली बिचारी." आणि तिने फोन ठेवून दिला.